चाळिसावं नाव

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. सव्विसावं सरलं तरी धाकटीच, कारण तिच्यानंतर घरात कुणी जन्मलंच नाही आणि ते पद सोडायची संधी तिला मिळाली नाही. वडिलांनी सगळी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. आता ते गुडघे धरून घरी बसत आणि जिना चढून धापा टाकत येणाऱ्याकडे फार समाधानाने बघत. थोरला भाऊ छापखान्यात होता, वहिनी शाळेत चित्रकला शिकवायची. आई धाकटी शाळेत असतानाच गेली होती.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. पुढे काउंटरवर मालक बसत, त्यांना सगळे काका म्हणत. मागे बोळकंडीएवढी खोली, त्यात काच घासायचं मशीन आणि धाकटी. गिऱ्हाईक आलं की त्याच्या नाकावर पट्टी धरून ती दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. तेवढं चुकलं तर नंबर बरोबर असूनही माणसाचं डोकं चढतं. आठ वर्षं ती हे करत होती, आणि हिच्या हातची काच परत येत नाही असं काका छाती फुगवून सांगत.

त्या दुकानात साडेचारशे फ्रेम होत्या आणि त्यातल्या दीडशे तरी वर्षानुवर्षं कुणी हातात धरल्या नव्हत्या. धाकटीने दोन महिने एका वहीत टिपून ठेवलं: कोण कुठली फ्रेम उचलतं, किती वेळ आरशात बघतं, कुठली लगेच ठेवून देतं. काकांना वही दाखवली. ते म्हणाले, "अक्षर छान आहे तुझं." पण त्या वेळी एका कारखान्याच्या व्यवस्थापक असलेल्या बाई चष्म्यासाठी थांबल्या होत्या. त्यांनी ती वही मागून घेतली, शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि विचारलं, "मुली, तू बिझनेस स्कूलला का जात नाहीस?"

"त्याला आधी पदवी लागते ना?"

"मग घे की पदवी. इथे काचा घासत म्हातारी होणार आहेस का?"

त्या बाई परत कधी आल्या नाहीत, पण धाकटीच्या डोक्यात किडा सोडून गेल्या. तिने सकाळच्या कॉलेजात नाव घातलं. सात ते साडेनऊ वर्ग, दहाला दुकान. पाच वर्षं हे चाललं. तीस विषय पूर्ण करायचे होते. एकोणतीस झाले, त्यात सतरा ठिकाणी ए, बारा ठिकाणी बी. ए म्हणजे चार गुण, बी म्हणजे तीन. एकूण एकशे चार. ज्या बिझनेस स्कूलवर तिने डोळा ठेवला होता तिथे आदल्या वर्षी तीन पॉइंट सहा सरासरीच्या खालच्या एकालाही घेतलं नव्हतं. शेवटच्या विषयात ए मिळाला तर एकशे आठ भागिले तीस, म्हणजे बरोबर तीन पॉइंट सहा. बी मिळाला तर तीन पॉइंट छप्पन्न आणि पुढे न संपणारे सहा. हा भागाकार तिने इतक्यांदा केला होता की वहिनी म्हणायची, "अगं, उत्तर बदलेल म्हणून करतेस का दर वेळी?"

तो तिसावा विषय होता संख्याशास्त्र. शिकवणारे सर उंच, किडकिडीत, बोलण्यात हळू. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर एक डोंगर काढला. मध्ये उंच, दोन्हीकडे उतरता. उजव्या पायथ्याला खडूने थोडी जागा रंगवून म्हणाले, "इथे ए. वर्गाचे पंधरा टक्के. डाव्या पायथ्याला दहा टक्के, ते नापास. बाकी सगळे मध्ये, बी आणि सी. अपूर्णांक आला तर सोडून द्यायचा. किती मार्क पडले याला महत्त्व नाही, तुमच्या वर किती जण आहेत याला आहे." त्या दिवसापासून त्यांचं नाव डोंगरसर पडलं, आणि वर्गातली हवाही बदलली. आधीच्या विषयांत मुलं एकमेकांच्या वह्या उतरवून घेत. इथे वही बाकावर ठेवून पाणी प्यायला कुणी जाईना. ग्रंथालयात सोडवलेल्या गणितांचं एकच पुस्तक होतं. ते तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकाच्या पुस्तकांमागे लपवलेलं सापडलं. लपवणारा कोण ते सगळ्यांना माहीत होतं. कडक घडीचे शर्ट घालणारा एक मुलगा होता, त्याला वर्ग इस्त्री म्हणायचा. विचारल्यावर तो गोड हसला आणि म्हणाला, "चुकून राहिलं असेल."

सहामाहीचे मार्क लागले तेव्हा वर्गात त्रेचाळीस जण होते. धाकटीला चाळिसापैकी तेहतीस, क्रमांक सहावा. इस्त्रीला बत्तीस, तो सातवा. त्रेचाळीसचे पंधरा टक्के सहा पॉइंट काहीतरी, म्हणजे सहा ए. सहावी म्हणजे दारातली जागा, पण आतल्या बाजूची. धाकटीने सुटकेचा निःश्वास टाकला. तो दोन दिवस टिकला.

तिसऱ्या दिवशी सूचना लागली: ज्यांना विषय सोडायचा आहे त्यांनी शुक्रवारी दुपारी बारापर्यंत माघारीचा अर्ज द्यावा. माघार घेतली तर निकालपत्रावर काहीच उमटत नाही, पुढच्या सत्रात विषय पुन्हा घेता येतो. ज्यांना कमी मार्क होते त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचा मार्ग तोच होता. पण जाणारा प्रत्येक जण वर्गाची संख्या कमी करत होता. बेचाळीस. एक्केचाळीस. गुरुवारी सकाळी चाळीस. चाळिसाचे पंधरा टक्के सहा. एकोणचाळिसाचे पाच पॉइंट पंच्याऐंशी, आणि अपूर्णांक सोडून द्यायचा.

पाच.

त्या दिवशी धाकटीचं कामात मन लागेना. मशीनवर बसली की तिला हजेरीपटावरची नावं दिसायची. घरी जेवताना वडिलांनी विचारलं, काय झालं? तिने सांगितलं. ते म्हणाले, "आठ जणांची लिफ्ट असते. नववा चढला की ती हलत नाही. त्या नवव्याची काही चूक नसते गं. तो नववा असतो, एवढंच."

"बाबा, मला धीर द्या ना."

"देतोय की."

शुक्रवारी सकाळी वर्ग सुटल्यावर ती कचेरीच्या बोळात गेली. का गेली ते तिने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. तिथे भिंतीशी मामा उभे होते, हातात भरलेला अर्ज, खिडकी उघडायची वाट बघत.

मामा वर्गात सर्वांत मोठे, पंचेचाळिशीला आलेले. मोठ्या इस्पितळाच्या भांडारात ते वीस वर्षं होते. चादरी, पट्ट्या, हातमोजे, सुया, सगळं त्यांच्या हाताखालून वॉर्डांत जायचं. भांडारप्रमुखाची जागा वर्षभरात रिकामी होणार होती आणि त्या जागेला पदवी हवी होती, तीही एकाही विषयात नापास न होता. सगळ्यांशी ते आपुलकीने बोलत, कुणाला ताप आला तर गोळी आणून देत, म्हणून मामा. सहामाहीत त्यांना चाळिसापैकी नऊ होते.

"मामा, सोडताय?"

"सोडतो पोरी. हे आपल्या डोक्यातलं काम नाही. पुढच्या सत्रात सावकाश बघू."

इथे धाकटीने "बरं" म्हणून निघून जायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या तोंडून निघालं, "सोडू नका. मी शिकवते तुम्हाला."

"तू? तुला तुझा अभ्यास, दुकान..."

"जेवणाच्या सुट्टीत येते ना. दुकानापासून इस्पितळ पाच मिनिटांवर आहे. रोज येते. तुम्ही पास होणार, माझा शब्द."

मामांनी तिच्याकडे बघितलं. वीस वर्षांत त्यांना कुणी काही शिकवायला आपणहून आलं नव्हतं, हे ते पुढे तिला एकदा म्हणाले. तेव्हा मात्र त्यांनी अर्जाची घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली. बारा वाजेपर्यंत धाकटी त्या बोळातून हलली नाही. कामाला उशीर होतोय असं तिने काकांना फोनवर सांगितलं. बारा वाजता खिडकीतल्या बाईंनी रजिस्टर मिटलं. धाकटीने विचारलं, "संख्याशास्त्रात किती राहिले?"

"चाळीस," बाई म्हणाल्या. "का गं?"

बाहेर पायरीवर इस्त्री उभा होता. त्याला भागाकार येत होताच. तो हळू आवाजात म्हणाला, "वा! मामाला मामा बनवलंस की."

तिने ऐकलंच नाही असं दाखवलं. पण ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं.

आता तिच्यापुढे एकच वाट होती: शब्द खरा करायचा. मामा पास झाले तर कुणाचंच काही बिघडलं नाही, असं ती स्वतःला समजावत राहिली. रोज एक वाजता डबा घेऊन ती इस्पितळाच्या तळघरात जायची. लांबच लांब भांडार, छतापर्यंत रॅक, साबणाचा आणि रबराचा वास. एका टेबलावरच्या चादरी बाजूला सारून दोघं बसत. पहिले आठ दिवस काही म्हणजे काही होईना. मामा सूत्र पाठ करायचे आणि पान उलटलं की विसरायचे. धाकटी वरून शांत राहायची आणि आतून तिचा जीव टांगणीला लागलेला. हातातला वेळ तिचाही जात होता.

मग एके दिवशी मामा बोलता बोलता हातमोज्यांची मागणी लिहीत होते. तिने सहज विचारलं, "कुठल्या मापाचे किती मागवता, कसं ठरवता?"

"त्यात काय ठरवायचं? सात नंबर सर्वांत जास्त जातो. साडेसहा आणि साडेसात त्याच्या निम्मे. सहा आणि आठ अगदी थोडे. नऊचे दोन डबे वर्षभर पुरतात, एकच डॉक्टर आहेत तसे, पंजा म्हणजे फावडं."

धाकटीने कागदावर मापं लिहिली, प्रत्येकावर तेवढे डबे रचल्यासारखे चौकोन काढले. मामा बघत राहिले.

"अरेच्चा! हा तर डोंगर."

"हा वीस वर्षं तुम्हीच मागवताय, मामा."

त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. सरासरी म्हणजे सात नंबर. विचलन म्हणजे माणसांचे पंजे सातापासून किती लांब पळतात ते. मामा इस्पितळातल्या वस्तूंवर गणितं घालायला लागले, धाकटीला उलट प्रश्न विचारायला लागले. एकदा पेन्सिल ठेवून म्हणाले, "पण एक सांग. हातमोज्यांचा डोंगर आपोआप होतो, कुणी करत नाही. आपल्या वर्गाचा सर मुद्दाम करतात. सगळ्यांनी चांगला पेपर लिहिला तरी चार जण नापास होणारच?"

"होणारच."

"मग ते शिकवतात कशाला?"

 मामा हसले आणि पुढचं गणित घेतलं. ती मात्र दुकानात परतताना त्याच प्रश्नाभोवती घुटमळत राहिली, कारण मामांना वर ढकलताना ती कुणाला तरी खाली ढकलत होती, आणि मामा वर गेले नाहीत तर... ते पुढचं वाक्य ती पुरं करत नसे.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एक आजोबा चष्मा घेऊन परत आले. म्हणाले, जमीन उतरती दिसते, घरात भिंत धरून चालावं लागतंय. धाकटीने चष्मा तपासला. डावी काच उजवीकडे बसवली होती. आठ वर्षांत पहिल्यांदा. काकांनी गिऱ्हाइकासमोर एक शब्द काढला नाही, नंतर मागच्या खोलीत येऊन म्हणाले, "बाळ, तुझं लक्ष कुठे आहे? म्हातारा माणूस पडला असता तर?" तिला रडू फुटलं. काका घाबरले आणि जाऊन तिच्यासाठी चहा घेऊन आले.

परीक्षा झाली. बारा दिवसांनी सूचनांच्या फळ्यावर निकाल लागला, नावं नाहीत, फक्त हजेरी क्रमांक, अक्षर आणि मार्क. धाकटीच्या क्रमांकापुढे ए. शेजारी शंभरापैकी एक्क्याऐंशी. इस्त्रीला ऐंशी. तिने आपला क्रमांक बोट ठेवून पुन्हा एकदा ताडून पाहिला. मग नजर खाली गेली. मामांना सेहेचाळीस. ज्या माणसाला सहामाहीत नऊ होते त्याने शेवटच्या पेपरात साठापैकी सदतीस काढले होते. दुसऱ्या कुठल्याही विषयात चाळिसाला पास. पण सत्तेचाळीस मार्कांवर छत्तिसावा क्रमांक होता, आणि मामा सदतिसावे. चाळिसाचे दहा टक्के चार. त्या चौघांत मामा सर्वांत वर होते. त्यांच्यापुढे एफ होता.

दुपारी एक वाजता ती भांडारात गेली. सवयीने डबाही घेतला होता. मामा चादरींचे गठ्ठे मोजत होते.

"ये ये. बघितलंस? सेहेचाळीस! माझ्या बायकोला खरं वाटेना. म्हणाली, तुम्हाला शाळेत कधी एवढे नव्हते." ते हसले, पण डोळे सुजलेले होते. "तुझा ए आला ना? मला फार बरं वाटलं बघ. माझं काय, जागा गेली तर गेली. पुढे कधीतरी. तू एवढे कष्ट घेतलेस..."

"मामा, थांबा."

तिने सांगितलं. चाळीस, एकोणचाळीस, सहा, पाच. शुक्रवारची सकाळ. उभ्यानेच सांगितलं, रॅकचा खांब धरून. मामांचे हात चादरीवरच राहिले. 

"म्हणजे मी पास होईन असं तुला वाटलं नव्हतं."

"तेव्हा नव्हतं वाटलं. नंतर वाटायला लागलं. खरंच."

"हेच त्या दिवशी सांगितलं असतंस तर?"

"तर तुम्ही थांबला नसता."

"ते तुला काय माहीत?" मामांचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "विचारायचं होतंस. मी कदाचित थांबलोही असतो. पण मग मी थांबलो असतो, तू थांबवलं नसतंस. आता जा पोरी. वॉर्डाची गाडी येईल, मला मोजणी संपवायची आहे."

त्या संध्याकाळी धाकटी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोंगरसरांच्या खोलीत गेली. खोलीत उत्तरपत्रिकांचे ढिगारे, आणि सर त्यांच्यामागे अर्धे दिसत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुला वाटत असेल हा नियम मला फार आवडतो," ते म्हणाले. "पूर्वी इथे सगळे सगळ्यांना ए द्यायचे. मग मोठ्या बिझनेस स्कूलांनी आमचे ए वाचणंच सोडलं. तेव्हा कॉलेजने डोंगर आणला. आता आमचा ए वाचतात. त्यासाठी दर वर्षी चार जण पडतात. मला त्यांची नावं लक्षात राहतात, एवढं तुला सांगू शकतो."

"मामांसाठी काहीच करता येणार नाही?"

सरांनी नियमांचं पुस्तक ओढलं, पण न उघडताच बोलले. "मुदतीनंतरची माघार असते. आजारपण, घरातला मृत्यू, किंवा कुणी दिशाभूल करून माघारीपासून रोखलं असेल तर. मग एफ पुसला जातो, विषय घेतलाच नव्हता असं होतं. पण रोखणाऱ्याने तसं लेखी द्यावं लागतं, आणि विद्यार्थ्याची सही लागते. पंधरा दिवसांच्या आत."

"मी देते."

"देण्याआधी गणित कर."

तिने ते त्यांचं बोलणं संपायच्या आत केलं होतं. मामा गेले की एकोणचाळीस. नापास होणारे तीन, म्हणजे मामांच्या खालचे तेच तिघे, त्यांच्यात नवीन कुणी नाही. ए पाच. वर्गातल्या एकाच माणसाचं अक्षर बदलणार होतं.

"शिक्षा म्हणून तुला काही होणार नाही," सर म्हणाले. "मी ते बघेन. पण गणित मला बदलता येणार नाही."

बिझनेस स्कूलचा अर्ज आठ दिवसांत द्यायचा होता. तीन पॉइंट सहाचं निकालपत्र कॉलेजच्या मोहरेच्या पाकिटात तिने निकालाच्याच दिवशी मागून घेतलं होतं. ते कपाटात वहिनीच्या रंगांच्या डब्याखाली होतं. ते आठ दिवस धाकटीला नीट आठवतही नाहीत. दुकानात पट्टी धरली की एकच अंतर चारदा मोजावं लागायचं. रस्त्यात ती कुठे वळायचं ते विसरायची. अर्ज लिहायला बसली की पेन कोरडं पडल्यासारखं वाटायचं. घरात भावाने स्पष्ट सांगितलं: मामा मोठे आहेत, स्वतःच्या मर्जीने थांबले, पाच वर्षं काय गंमत म्हणून पहाटे उठलीस का?

वहिनीने दुसरीच वाट काढली. "पाकीट आधी टाक पोस्टात. मग दुसऱ्या दिवशी मामांचं कर. पाकीट दिलं त्या दिवशी आकडा खराच होता की. दोघांचंही भलं."

धाकटीने ती युक्ती एक अख्खा दिवस डोक्यात वागवली. इतकी सोपी होती की तिला भीती वाटली. संध्याकाळी तिने पाकीट काढलं, हातात धरून बसली, आणि वहिनीला म्हणाली, "तू म्हणतेस ते जमेल. पण मला रोज वाटत राहील की आज कुणीतरी विचारेल. मला हे आत्ताच सहन होत नाहीये, वहिनी, तिथे दोन वर्षं कसं होईल?"

 वहिनीने पाकीट तिच्या हातून घेतलं आणि परत रंगांखाली सारलं. फेकलं नाही, हेही खरं.

पाचव्या दिवशी धाकटीने चार ओळी लिहिल्या आणि सहीसाठी भांडारात गेली. मामांनी चष्म्याशिवाय कागद लांब धरून मोठ्याने वाचला. "'मी यांना विषय न सोडण्याचा सल्ला दिला व तो चुकीचा ठरला.'" त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "सल्ला नव्हता तो."

तिने मान खाली घातली. पेन काढून ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: माझ्या स्वतःच्या फायद्यासाठी मी यांना खोटी आशा दाखवून थांबवलं.  मामांनी वाचलं, मग विचारलं, "याने तुझा ए जाईल?"

"जाईल."

"आणि तू म्हणायचीस ती बिझनेसची शाळा?"

"माहीत नाही. बहुतेक."

मामांनी पेन हातात घेतलं. धाकटीला वाटलं ते नको म्हणतील, आणि आपल्याला तसं वाटलं याचीच तिला लाज वाटली. त्यांनी सही केली. "मला ही जागा हवी आहे," ते म्हणाले. "वीस वर्षं वाट बघितली आहे मी. उगाच मोठेपणा दाखवून नाही म्हणणार नाही."

दोनच दिवसांत फळ्यावरचा कागद बदलला. धाकटीपुढे बी. इस्त्री तिला जिन्यात भेटला, चिडलेला. "तुझा गेला, मलाही नाही मिळाला. मिळवलंस काय नेमकं?" त्याचाही प्रश्न खोटा नव्हता.

तिने नव्या निकालपत्रासह अर्ज केला, तीन पॉइंट सत्तावन्न. दोन महिने पोस्टमनच्या चाहुलीवर काढले. नकाराचं पत्र छोटं आणि सभ्य होतं. तिला राहवेना म्हणून तिने फोन करून विचारलं, तीन पॉइंट सहा असते तर घेतलं असतं का? पलीकडच्या बाई नम्रपणे म्हणाल्या, "तीन पॉइंट सहाच्या वरचेच आमच्याकडे नऊशेच्या पुढे अर्ज होते. जागा एकशे वीस. असते तरी मी काही सांगू शकले नसते." फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घेतलंही असतं, नसतंही घेतलं, आणि हे तिला कधीच कळणार नव्हतं.

पुढच्या वर्षी तिने एका लहान बिझनेस स्कूलच्या शनिवार-रविवारच्या वर्गाला अर्ज केला. मुलाखतीत तीन माणसं होती. त्यांनी तिचा आकडा एकदा वाचला आणि मग अर्धा तास फ्रेमच्या वहीबद्दल विचारलं. जागा मिळाली. काकांना सांगितलं तर ते आधी म्हणाले "शाब्बास", मग म्हणाले "म्हणजे शनिवारी तू नसणार?" शनिवार हा दुकानातला सर्वांत गर्दीचा दिवस. शेवटी त्यांनी भाच्याला बोलावून मशीन शिकवायला घेतलं, आणि पहिल्या महिन्यात त्याने अकरा काचा फोडल्या.

त्याच सुमारास एका दुपारी मामा दुकानात आले. वर्षभरात ते इस्पितळाजवळ दोनदा दिसले होते, मान हलवून पुढे गेले होते. आता ते काउंटरवर उभे राहून काकांना म्हणाले, जवळचं दिसत नाही, चष्मा करायचाय. काकांनी धाकटीला हाक मारली. ती पट्टी घेऊन बाहेर आली आणि दोघं एकमेकांसमोर उभे राहिले.

"समोर बघा," ती म्हणाली. "माझ्या कानाकडे. हलू नका."

ते हलले नाहीत. तिने मोजलं, त्रेसष्ट, पुन्हा मोजलं, त्रेसष्टच.

"सी मिळाला," मामा समोर बघतच म्हणाले. "एकोणिसावा आलो. दुसऱ्या सरांकडे."

"आणि जागा?"

"मिळाली. सहा महिने उशिरा. मध्ये दुसऱ्याला बसवलं होतं, तो आता माझ्या हाताखाली आहे, त्यामुळे रोज कुरबुर."

तिने कागदावर आकडा लिहिला.  मामांनी फ्रेमकडे नजर फिरवली, दोन उचलून ठेवून दिल्या, तिसरी तिच्यापुढे सरकवली.

"कधी मिळेल?"

"परवा. मी स्वतः बसवते."

"परवा मी नाही, मुलगी येईल न्यायला," मामा म्हणाले. मग दाराशी जाऊन थांबले. "नीट बसव गं."

"हो मामा," ती म्हणाली आणि कागद घेऊन आत गेली.